गळण्यातून जे निसटते

जैन गृहस्थाच्या घरात पाणी सरळ पिण्याच्या भांड्यात पडत नाही. ते आधी गळण्यातून जाते. गळणे ३६ अंगुळे लांब, २४ अंगुळे रुंद, जाड विणीचे आणि दुहेरी घडीचे असावे, असा दंडक श्रावकाचाराच्या परंपरेत सांगितला जातो. गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्ताची, म्हणजे ४८ मिनिटांची. गळण्यावर उरलेली जिवाणी ज्या विहिरीची, त्याच विहिरीत अलगद परत सोडावयाची. व्रती आणि त्यागी यांच्यासाठी पाणी उकळून प्रासुक करावयाचे. संप्रदायानुसार तपशील बदलतात. परंतु पाणी हा स्वतःच अप्काय जीव असून त्याचा वापर जपून व जाणतेपणाने करावा, ही भावना दिगंबर, श्वेतांबर आणि स्थानकवासी या सर्वांत एकच आहे.

ही शिस्त ज्या काळात घडली त्या काळी पाणी येई ते नदीचे, तळ्याचे, नाही तर उघड्या विहिरीचे. आज बाजारपेठेच्या गावांतील बहुसंख्य घरांत, दुकानांत, गोदामांत आणि धर्मशाळांत दोनशे-तीनशे फूट खोल गेलेली विंधनविहीर असते. तिचे पाणी काचेसारखे नितळ असते, म्हणून ते निर्दोष आहे, असे मानले जाते. गळणे आणि उकळी या दोन संस्कारांनी पाण्याचे कोणते दोष जातात आणि कोणते तसेच राहतात, हे प्रत्येक कुटुंबाने एकदा नीट समजून घेतले पाहिजे. जे दोष गळण्यातून निसटतात ते डोळ्यांना दिसत नाहीत, जिभेला कळत नाहीत आणि अनेक वर्षांनी मुलांच्या दातांत व वडीलधाऱ्यांच्या सांध्यांत प्रकट होतात.

गळण्याचे सामर्थ्य

पाणी गाळण्याच्या आचाराकडे पूर्वी अनेकांनी उपहासाने पाहिले. आरोग्यशास्त्राने त्याची महती उशिरा, पण निःसंदिग्धपणे मान्य केली. नारू या रोगाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जीवाच्या पोटात नारूच्या अळ्या असतात. असे पाणी प्यायल्यानंतर सुमारे वर्षभराने माणसाच्या पायातून हातभर लांबीचा कृमी बाहेर पडू लागतो. या रोगावर लस नव्हती आणि खात्रीचे औषधही नव्हते. १९८३-८४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रमाने खेड्यापाड्यांत जी शिकवण दिली तिच्यात पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे आणि पाणी कापडातून गाळून पिणे यांना प्रमुख स्थान होते. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले.

दुसरे उदाहरण बांगलादेशाचे. तेथे अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५ खेड्यांत एक प्रयोग केला. जुनी सुती साडी किमान चार पदरी करून तिच्यातून पाणी गाळावयाचे, एवढाच त्याचा विधी होता. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार अशा रीतीने पाणी गाळणाऱ्या कुटुंबांत पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. पटकीचे जंतू कापडाच्या छिद्रांपेक्षा कितीतरी लहान असतात. पण ते ज्या सूक्ष्म जलचरांना चिकटून राहतात ते जलचर मात्र कापडावर अडकतात. दुहेरी, जाड, वापरून मऊ झालेल्या वस्त्राचा जुना आग्रह किती सार्थ होता, हे यावरून दिसते.

गळण्याने जे साधत नाही ते उकळी साधते. खळखळून आलेली उकळी मिनिटभर टिकली, तर अतिसार, कावीळ आणि विषमज्वर पसरवणारे जंतू व विषाणू नष्ट होतात. पाण्यातील सजीव दोषांपुरते पाहिले, तर आपल्या परंपरेने घराघरांत एक उत्तम व्यवस्था उभी केली आहे.

विरघळलेले दोष

परंतु मिठाचे पाणी कितीही वेळा गाळले तरी ते गोडे होत नाही. जे विरघळले आहे ते वस्त्रावर राहत नाही आणि उष्णतेने मरतही नाही. भूजलातील फ्लोराइड, नायट्रेट आणि आर्सेनिक हे याच जातीचे दोष होत. उकळल्याने काही प्रमाणात कठीणपणा कमी होतो. भांड्याच्या तळाशी बसणारा पांढरा थर ही त्याचीच खूण. पण फ्लोराइड किंवा नायट्रेट उकळीने कमी होत नाही. उलट वाफ निघून जाते, क्षार मागे राहतात आणि उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण वाढते. व्यापाऱ्याला हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या पाण्यात लिटरमागे १.४ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे असे दहा लिटर पाणी घेतले, तर त्यात एकूण १४ मिलिग्रॅम फ्लोराइड असते. उकळताना एक लिटर पाणी उडून गेले, तर तेच १४ मिलिग्रॅम नऊ लिटरांत राहतात आणि प्रमाण १.५ च्या वर जाते. पेयजलासाठी सांगितलेली कमाल मर्यादा १.५ आहे. म्हणजे काठावरचे पाणी आपण श्रद्धापूर्वक उकळून मर्यादेबाहेर नेलेले असते.

नायट्रेटच्या बाबतीत हा धोका सर्वप्रथम तान्ह्या बालकांवर ओढवला. अमेरिकेतील आयोवा राज्याचे वैद्य हंटर कॉमली यांनी १९४५ मध्ये काही बालकांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ती बालके निळसर पडत होती, कारण विहिरीच्या पाण्यातील नायट्रेटमुळे त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती क्षीण झाली होती. त्यांचे दूध ज्या पाण्यात कालवले जाई ते पाणी उकळलेले असले तरी नायट्रेट त्यातून गेलेले नव्हते. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा देऊ नये, या वैद्यकीय सल्ल्याचे महत्त्व अशा ठिकाणी अधिकच वाढते.

नितळपणाचा भ्रम

जमिनीखालचे पाणी म्हणजे शुद्ध पाणी, या समजुतीची सर्वांत मोठी किंमत बंगालने मोजली. तळ्यांच्या दूषित पाण्यामुळे बालके दगावत, म्हणून १९७० च्या दशकात बांगलादेशात मोठ्या प्रमाणावर कूपनलिका खोदण्यात आल्या. हेतू पुण्याचाच होता आणि पाणीही स्वच्छ दिसत होते. मात्र त्या गाळाच्या थरांत नैसर्गिक आर्सेनिक होते. पश्चिम बंगालमध्ये १९८३ साली कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे आलेल्या रुग्णांच्या तळहातांवर आणि कातडीवर त्याची चिन्हे दिसली आणि मग शोध सुरू झाला. पुढे बांगलादेशात लाखो कूपनलिका तपासून आर्सेनिक असलेल्यांचे तोंड तांबड्या रंगाने आणि सुरक्षितांचे हिरव्या रंगाने रंगवावे लागले. एकाच अंगणातील दोन नळांपैकी एक तांबडा आणि दुसरा हिरवा असेही घडले. डोळ्यांना दोन्हींच्या पाण्यात काहीच फरक दिसत नव्हता.

महाराष्ट्राचा बहुतांश भाग बसाल्ट खडकाचा आहे. येथे आर्सेनिकचा प्रश्न गंगेच्या गाळाच्या प्रदेशासारखा नाही. पण येथील भूजलालाही आपले दोष आहेत. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड या जिल्ह्यांतील अनेक गावांत फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त आढळते. ते खडकातूनच येते, खोल विंधनविहिरीत बहुधा अधिक असते आणि पुष्कळदा असे पाणी चवीला मऊ व चांगले लागते. त्यामुळे लहान मुलांच्या कायमच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग उमटतात आणि ते पुसता येत नाहीत. प्रमाण जास्त असून वर्षानुवर्षे तेच पाणी पोटात गेले, तर हाडे आणि सांधे ताठर होतात.

अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या गाळाचा खारपाणपट्टा त्याच्या नावानेच ओळखला जातो. तेथील दोष जिभेला कळतो, एवढेच त्यातल्या त्यात बरे. ऊस, द्राक्षे आणि भाजीपाला यांच्या बागायती पट्ट्यांत खतांचा अंश झिरपून विहिरींत नायट्रेट वाढते. गावठाणात शौचालयाचे शोषखड्डे, गोठे आणि उकिरडे हे काम करतात. भेगाळलेल्या खडकातून मैल्याचे पाणी गाळले न जाता वेगाने विहिरीपर्यंत पोहोचू शकते. खडकाच्या भेगा प्रत्येक ठिकाणी निराळ्या असतात, म्हणून शेजाऱ्याच्या विहिरीचा अहवाल आपल्या विहिरीला लागू पडत नाही.

नमुना घेण्याची रीत

आडत्याच्या दुकानात पोत्यात नळी खुपसून मूठभर दाणे काढल्याशिवाय सौदा होत नाही. वरचे दाणे चांगले दिसतात, म्हणून पोते घेतले जात नाही. पाण्याच्या बाबतीत मात्र हाच व्यवहारचतुर समाज रंग, वास आणि चव यांवर समाधान मानतो. पारखीचा पहिला भाग आपल्या डोळ्यांनी करावयाचा आहे. तो पाण्याकडे पाहून नव्हे, तर विहिरीभोवती फिरून. शौचालय, गटार, गोठा किंवा उकिरडा पंधरा मीटरांच्या आत आहे काय? कठडा आणि ओटा अभंग आहे काय? सांडलेले पाणी पुन्हा विहिरीत झिरपते काय? विंधनविहिरीची नळी जमिनीच्या वर उंच आणि झाकलेली आहे काय? पहिल्या पावसानंतर पाणी गढूळ होते काय? यांतील एकही उत्तर प्रतिकूल आले, तर पाणी जंतूंनी दूषित होण्याची शक्यता गृहीत धरावी.

दुसरा भाग प्रयोगशाळेचा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा व उपविभागीय प्रयोगशाळांत अल्प शुल्कात पाणी तपासून मिळते. जलजीवन मिशनच्या योजनेनुसार गावोगावी पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संच वापरण्याचे शिक्षण देण्याची तरतूद आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षकही या कामी साहाय्य करू शकतो. प्राथमिक चाचणीत दोष दिसला, तर प्रयोगशाळेतून खात्री करून घ्यावी.

रासायनिक तपासणीसाठी एक ते दोन लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने दोन-तीन वेळा विसळून भरावी. जंतूंच्या तपासणीसाठी मात्र प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच वापरावी. ती विसळू नये, तिच्या तोंडाला हात लावू नये आणि थंड ठेवून शक्यतो त्याच दिवशी, काही तासांच्या आत पोहोचवावी. विंधनविहिरीचा पंप पाच-दहा मिनिटे चालवून मग नमुना घ्यावा, कारण नळीत साठून राहिलेले पाणी म्हणजे भूजल नव्हे. बाटलीवर स्रोत, तारीख आणि वेळ लिहावी. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची तपासणी पावसाळ्यापूर्वी व नंतर अशी दोनदा, हा क्रम ठेवावा. अहवाल दुकानाच्या कागदपत्रांप्रमाणे वर्षवार जपून ठेवावेत; वाढता दोष त्या क्रमातूनच लक्षात येतो.

अहवालाचे वाचन

भारतीय मानक ब्यूरोचे पेयजलाचे मानक आयएस १०५०० या क्रमांकाने ओळखले जाते. त्यात बहुतेक घटकांसाठी दोन आकडे असतात. पहिला स्वीकार्य मर्यादेचा. दुसरा, अन्य कोणताही स्रोत उपलब्ध नसेल तेव्हा चालवून घ्यावयाच्या कमाल मर्यादेचा. दुसऱ्या आकड्याच्या आत असलेले पाणी उत्तम आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. लिटरमागे मिलिग्रॅममध्ये हे आकडे असे आहेत: एकूण विरघळलेले क्षार ५०० आणि २०००, कठीणपणा २०० आणि ६००, क्लोराइड २५० आणि १०००, फ्लोराइड १.० आणि १.५. नायट्रेटची मर्यादा ४५ असून तिला कोणतीही सवलत नाही. पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा. मैल्याचे दर्शक असलेले ई. कोलाय जंतू १०० मिलिलिटर पाण्यात एकही सापडता कामा नये.

विक्रेत्याच्या खिशातील टीडीएस मापकाविषयी येथे सांगणे अगत्याचे आहे. पाण्यातून वीज किती सहज वाहते, यावरून ते यंत्र क्षारांच्या एकूण भाराचा अंदाज देते. ते जंतू मोजत नाही आणि कोणता क्षार किती आहे, हेही सांगत नाही. मापकावर ३५० हा समाधानकारक आकडा दिसत असताना त्यातच ३ मिलिग्रॅम फ्लोराइड दडलेले असू शकते. याउलट टीडीएस ७०० असलेले पाणी चवीला जड लागले, तरी अन्य दोष नसल्यास ते विषारी ठरत नाही. तराजूवर माल ठेवला तर वजन कळते, भेसळ कळत नाही. तसेच हे आहे.

दोष तसा उपाय

उपाय अहवालानंतर ठरवावा. केवळ जंतूंचा दोष असेल, तर विहिरीभोवतीची घाण दूर करणे, कठडा व झाकण दुरुस्त करणे आणि पिण्याचे पाणी गाळून उकळणे पुरेसे ठरते. सार्वजनिक पुरवठ्यात क्लोरीनचा वापर अपरिहार्य असतो. घरगुती विहिरीत टीसीएल पावडर टाकण्याविषयी ज्यांच्या मनात जीवहिंसेचा संकोच असेल त्यांनी दूषित होण्याचे कारणच मुळात दूर करण्यावर अधिक भर द्यावा; मात्र संकोचापोटी न उकळलेले दूषित पाणी कोणालाही देऊ नये.

फ्लोराइडचा दोष असेल, तर पहिला उपाय दुसरा स्रोत शोधण्याचा. तो नसेल, तर सक्रिय अ‍ॅल्युमिनाचे गाळणयंत्र किंवा तुरटी व चुना यांवर आधारलेली, नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेली नालगोंडा पद्धत उपयोगी पडते. नायट्रेट आणि जास्त क्षार काढण्यास आरओ यंत्र समर्थ आहे. तथापि अनेक घरगुती आरओ यंत्रांत शुद्ध होणाऱ्या पाण्यापेक्षा वाहून जाणारे पाणी अधिक असते. पाण्याचा एक थेंबही विनाकारण सांडू नये असे मानणाऱ्या घरात, अहवालात काही दोष नसताना असे यंत्र चालवणे हा विचार करण्याजोगा विषय आहे. ते लागतच असेल, तर बाहेर पडणारे पाणी फरशी धुण्यासाठी किंवा शौचालयासाठी वापरावे.

पावसाचे पाणी हा आणखी एक जुना, आपलाच मार्ग. अहमदाबादच्या पोळांतील जुन्या घरांत आणि राजस्थानच्या कोरड्या मुलखात छपरावरचे पाणी भूमिगत टाक्यांत साठवून वर्षभर पिण्यासाठी वापरत. गुजरात-मारवाडातून महाराष्ट्रात आलेल्या कुटुंबांना ही स्मृती नवी नाही. छप्पर स्वच्छ असेल, पहिल्या पावसाचे पाणी वगळले आणि टाके झाकलेले ठेवले, तर खडकातील फ्लोराइड त्या पाण्यात येण्याचा प्रश्नच नाही. गळणे आणि उकळी मात्र तेथेही हवीच.

दात्याचे विज्ञान

स्वतःच्या घरापुरती चूक झाली, तर तिचे फळ स्वतःच्या घरालाच भोगावे लागते. आपला समाज मात्र पाणी देणारा समाज आहे. उन्हाळ्यात पेठेत पाणपोई उघडली जाते, तीर्थक्षेत्रांतील धर्मशाळांत हजारो यात्रेकरू पाणी पितात, गोशाळा आणि पांजरपोळांत मुकी जनावरे ते पितात. या सर्वांचा दात्यावर विश्वास असतो. पाणी कोठून आले, हे त्यांच्यापैकी कोणीही विचारत नाही.

सर्वांत नाजूक जबाबदारी मुनिराजांच्या आहाराची आहे. दिगंबर परंपरेत आहारासाठी विहिरीचे पाणी वापरतात, कारण जिवाणी परत सोडता येते. घरोघर नळ आल्यापासून अनेक गावांतील जुन्या विहिरी वापराविना पडून आहेत. चातुर्मास ठरला, की त्यांतली एखादी उपसून स्वच्छ केली जाते, दोर-बादली नवी येते आणि शुद्धीचा प्रत्येक नियम कटाक्षाने पाळला जातो. पण मधल्या वीस वर्षांत त्या विहिरीशेजारी कोणते शोषखड्डे झाले आणि तिच्या पाण्यात नायट्रेट किती आहे, हे सहसा कोणी पाहत नाही. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने आहार घेतात आणि पाणीही त्याच वेळी घेतात. श्रावक जे देईल त्यावर ते निःशंक विश्वास ठेवतात. चार महिने त्यांच्या देहात जाणारे सारे पाणी त्या एकाच विहिरीचे असते. अयोग्य पाणी ओळखण्याचे दायित्व घेणाऱ्याचे नाही, देणाऱ्याचे आहे.

शास्त्रकारांनी दात्याचे सात गुण सांगितले आहेत. श्रद्धा आणि भक्ती त्यांत आहेतच. पण त्यांच्याच पंक्तीत ‘विज्ञान’ हाही गुण गणलेला आहे. कोणाला, केव्हा, काय द्यावे आणि ते घेणाऱ्याच्या देहाला मानवेल की नाही, याचे नेमके ज्ञान म्हणजे दात्याचे विज्ञान. पूर्वी ते ज्ञान ऋतू, पथ्य आणि शोध यांतून येत असे. आज त्यात प्रयोगशाळेच्या एका कागदाची भर पडली आहे.

म्हणून प्रत्येक संघाने चातुर्मासाच्या तयारीच्या यादीत, मंडप आणि निमंत्रणपत्रिका यांच्याही आधी, विहिरीच्या पाण्याची तपासणी लिहावी. ती किमान महिनाभर आधी करावी, म्हणजे दोष निघाल्यास दुसरी विहीर शोधण्यास अवधी मिळेल. पहिल्या मोठ्या पावसानंतर जंतूंची तपासणी पुन्हा करावी. धर्मशाळा आणि पाणपोईचे विश्वस्त यांनी दरवर्षीच्या लेखापरीक्षणाबरोबर पाण्याचा अहवालही सभेपुढे ठेवावा. घरात सून गरोदर असेल किंवा तान्हे बाळ असेल, तर घराच्या विहिरीचे नायट्रेट त्याच महिन्यात पाहून घ्यावे.

गळणे सोडावयाचे नाही आणि उकळीही सोडावयाची नाही. या दोन्हींनी शतकानुशतके असंख्य जीवांचे आणि आपलेही रक्षण केले आहे. त्यांच्या जोडीला वर्षातून एकदा एक बाटली प्रयोगशाळेत पोहोचवावी आणि आलेला कागद घरातील सर्वांनी मिळून वाचावा. यत्नाचाराचा अर्थ जाणून-पाहून वागणे असा आहे. जे डोळ्यांना दिसत नाही ते पाहण्याचे साधन हाती आले असताना न पाहता राहणे, यत्नाचारात बसत नाही.